गावकीचा घोडा आणि अनंताचं नाव

अनंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या छापखान्यात उभी राहून एका पत्रकाची मुद्रितं तपासत होते. पलीकडून बबन बोलत होता. तो आणि अनंता मुरबाडकडच्या बंगल्यांमध्ये लाकडी जमिनी बसवायच्या कामावर बरोबर असायचे. "मनूताई, अनंता गेला गो... सकाळी कामावर चांगला होता. बंगलेवाल्याच्या कुत्र्याची नक्कल करून हसवत होता. मंग छातीत दुखतं म्हणून बसला, पानी मागितलं. मी पानी घेऊन येतो तर..." मी फोन ठेवला, समोरच्या कागदावरची एक वेलांटी दुरुस्त केली, आणि मनात पहिला विचार आला तो असा: आता आबा रडतील. मला काही झालं असतं तर ते इतके रडले असते का? शोकाच्या लेखात असं लिहू नये म्हणतात. पण खोटं छापायचं नाही हे मी ज्या घरात शिकले, त्याच घरात अनंताही वाढला. मला त्याचा कायम हेवा वाटत आला. तो गेल्यामुळे हा हेवा कमी झालेला नाही. वाढलाच आहे, कारण आता त्याच्याशी भांडताही येत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. जमीन आणि जंगलाच्या हक्कांसाठी चाललेल्या संघटनेचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. आमच्या घरात देवाच्या फोटोपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. अनंता माझा आतेभाऊ, माझ्याहून बराच मोठा. त्याचं मूळ घर मुरबाड तालुक्यात, पण शाळेसाठी आमच्याकडे, शेणव्याच्या पुढच्या गावी आला आणि परत गेलाच नाही. लग्न झाल्यावर आमच्याच कुडाला लागून त्याने घर बांधलं. आबांना तो मामा म्हणायचा, आणि त्या 'मामा'मध्ये असं काही लाडिकपण होतं की माझं 'आबा' त्यापुढे हजेरी दिल्यासारखं वाटायचं.

त्याला जाऊन काही आठवडे झाल्यावर बबन आणि आणखी दोघे आमच्या ओटीवर येऊन बसले. आधी पाण्याच्या चौकशा, मग भाताच्या. मग बबन म्हणाला, "पट्ट्या ठोकायच्या मशीनवर अनंताचं नाव घालायचं ठरलंय. गावकीच्या भांड्यांवर असतं तसं. मजकूर तू दे. तू लिहिनारी." आमच्याकडे लग्नाकार्याचे मोठे टोप, पराती, झारे हे सगळं गावकीचं, म्हणजे अख्ख्या गावाच्या मालकीचं असतं. कोणाच्या घरचं माणूस गेलं की ऐपत असेल ते एखादं भांडं गावकीला देतात आणि त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव ठोकून घेतात, अमक्याच्या स्मरणार्थ. मी म्हटलं, देते. पंधरवडा उलटला तरी मला दोन ओळी सुचल्या नाहीत. सुचत नव्हत्या असं नाही... द्यायच्या नव्हत्या. कारण ते मशीन अनंताचं नाही. ते माझं आहे, म्हणजे त्याची कल्पना माझी. आणि आता त्यावर कायमचं त्याचं नाव ठोकायला शब्दही मीच द्यायचे होते.

हे पहिल्यापासून असंच चालत आलेलं. मी शाळेत असल्यापासून पत्रकांचे मथळे लिहायचे. आबा त्यातले अर्धे खोडायचे, उरलेले छापायचे. अनंता पत्रक वाचायचा नाही. सभेला मागे भिंतीला टेकून झोपायचा, आणि टाळ्या वाजल्या की जागा होऊन सगळ्यात मोठ्याने वाजवायचा. त्याचं काम पत्रकं चिकटवायचं. तांदळाच्या पिठाची खळ तो करायचा, त्यात काय घालायचा ते कोणाला सांगायचा नाही. त्याने भिंतीवर लावलेलं पत्रक पावसाळा संपला तरी निघायचं नाही. एकदा बाहेरगावचे पाहुणे आले असताना आबांनी त्यांना एक जुनं पत्रक दाखवलं. मला वाटलं, आता मथळ्याबद्दल बोलतील, कारण मथळा माझा होता. आबा कागदाची कड नखाने उचलून बघत म्हणाले, "बघा, अजून कशी धरून आहे! आमच्या अनंताची खळ." अनंताने केसांवरून हात फिरवला. त्याला स्वतःच्या केसांचं फार कौतुक होतं. "मामा, खळीत जान असली तर कायपन चिकटतं," असं तो पाहुण्यांना म्हणाला आणि मला डोळा मारला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुरबाडच्या रस्त्याला मुंबईवाल्यांचे बंगले उठायला लागले आणि अनंता तिकडे कामाला जायला लागला. या बंगल्यांमध्ये खाली फरशी नसे, लाकूड असे. ओळीने बसवलेल्या गुळगुळीत पट्ट्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. मी त्याला स्पष्ट सांगितलं की ज्यांनी आपल्या लोकांच्या जमिनी घेतल्या, त्यांच्या पायाखाली लाकूड अंथरायला जातोस, लाज वाटत नाही? तो गॉगल पुसत म्हणाला, "वाटते ना. म्हनून तर गॉगल घालतो." आबा हसले. मी याच मुद्द्यावर एक पूर्ण पत्रक लिहिलं होतं. ते वाचून आबांनी एकच शेरा दिला होता, "लांबलंय."

मग आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. त्यांची खोली घराच्या मागच्या अंगाला, थेट भाताच्या खाचराला लागून. पावसात तिथे जमिनीतून पाझर फुटतो, फरशी ओलीगार राहते, आणि ज्या पायाला संवेदनाच उरलेली नाही तो पाय गारठला तरी माणसाला कळत नाही. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या टाचेची जखम भरता भरता दिवाळी आली. डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात हे पाय ओल्या जमिनीवर टेकता कामा नयेत. आई चटया घालून बघायची, त्या खालून कुजायच्या.

पुढच्याच उन्हाळ्यात अनंता ज्या बंगल्यावर होता तिथल्या बाईंचं मन बदललं. लाकूड नको, संगमरवर हवा. आणून ठेवलेल्या सागाच्या पट्ट्या शेकोटीला जाणार होत्या. अनंताने त्या मागून घेतल्या आणि टेम्पोत घालून आमच्या अंगणात आणून टाकल्या. "मामांच्या खोलीत खाली लाकडाच्या आडव्या रिपा टाकायच्या, वर ह्या पट्ट्या. पानी खालच्या खाली. मामा सायबावानी राहतील." आबांचे डोळे भरून आले. मुलगी म्हणून मी रोज त्यांच्या टाचेला मलमपट्टी करत होते. तेव्हा कधी भरले नव्हते.

पट्ट्या आल्या, पण त्या ठोकायच्या कशाने? जिभेच्या कडेतून तिरका खिळा हातोडीने मारायला गेलं की पट्टी फुटते. त्यासाठी वेगळं मशीन असतं. पाट्यासारखं जड, खालून सपाट, मान वाकलेलं. पट्टीच्या कडेला टेकवायचं, वरून रबरी हातोड्याचा एक घाव घालायचा, की खिळा तिरका आत जातो आणि डोकं दिसतही नाही. असं मशीन वाशिंदच्या एका ठेकेदाराकडे होतं आणि तो ते दिवसाच्या भाड्याने द्यायचा. आमच्या गावची पोरं बंगल्यांवर जायची तीही त्याच्याचकडून भाड्याने घ्यायची, आणि त्यांच्या मजुरीचा मोठा वाटा तिथेच परत जायचा. त्याच ठेकेदाराला एक जुनं मशीन विकायचंही होतं.

आबांच्या खाटेभोवती बसून आमची चर्चा झाली. मी म्हटलं, विकत घ्यायचं. आणि आपण एकट्याने नाही, गावाने. हत्यार दुसऱ्याचं असेल तर घामही दुसऱ्याचा होतो. एकदा सगळ्यांनी मिळून घेतलं की पोरांना त्या ठेकेदाराच्या दारात जावं लागणार नाही, आणि आबांची खोलीही होईल. अनंता जमिनीवर आडवा पडून ऐकत होता. "एका खोलीसाठी मशीन विकत? लग्नाला घोडा लागतो म्हनून कोन घोडा विकत घेतं का गो? एक दिस आनायचा, नाचवायचा, परत द्यायचा." सगळे हसले. आबाही तोंडाच्या डाव्या बाजूने हसले. त्या दिवसापासून त्या मशीनचं नाव घोडा पडलं, आणि हे नाव ठेवण्याचं श्रेयसुद्धा त्याचंच.

मी हटले नाही. पत्रक लिहिलं, छापून आणलं, घरोघर वाटलं. श्रम, साधन आणि मालकी यांचं नातं त्यात सोप्या भाषेत मांडलं होतं, निदान मला ती सोपी वाटत होती. बैठकीला देवळात मी, आई आणि हिराकाकू एवढ्याच आलो. हिराकाकू आमच्या शेजारची. ती बैठकीला आलीच नव्हती, दिवा लावायला आली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनंता उठला, केस विंचरले आणि प्रत्येक दारात जाऊन एकच वाक्य बोलला, "गावकीच्या भांड्यांसारखाच घोडा घ्यायचा. ज्याला लागंल त्यानं न्यावा, काम झालं की आनून द्यावा." बस्स. चार दिवसांत घरोघरची वर्गणी जमली आणि मशीन गावात आलं. ठेकेदाराकडून आणायला पोरं वाजतगाजत गेली आणि येताना घोड्याला झेंडूची माळ घालून आणली. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. माझी आख्खी मांडणी त्याने एका टोपात बसवली होती. आणि लोक त्याला म्हणत होते, "अनंता, काय डोकं चालवलंस रे!" तो म्हणाला नाही की हे मनूचं. त्याला वाटलंच नसेल की हे सांगायचं असतं... आणि हेच मला जास्त लागतं. कल्पना कोणाची, याची त्याला कधी फिकीरच नव्हती. अशी बेफिकिरी ज्याला जमते त्याचा हेवा कसा करू नये?

घोडा आल्यावर मी म्हटलं, उद्यापासून आबांची खोली. पाऊस तोंडावर होता. अनंता म्हणाला, "नाय. पयलं दुसऱ्याचं. नायतर लोक बोलतील, मामाच्या खोलीसाठीच गावाला कामाला लावलं." म्हणून पहिला मान हिराकाकूला मिळाला. तिच्या मुलाने बंगल्यावरून उरलेल्या पट्ट्या माळ्यावर बसवल्या. काम संपलं, आणि गावकीच्या भांड्यांचा जो नियम, तो हिराकाकूने चोख पाळला. गावकीची वस्तू खरकटी परत द्यायची नाही. तिने तो घोडा विहिरीवर नेला, राख आणि चिंच लावून घासघासून घासला, आत हात जाईल तिथपर्यंत पाणी ओतलं आणि कुंपणाच्या वईवर पालथा घालून उन्हात वाळवला. आमच्या अंगणात आणून ठेवला तेव्हा तो देवघरातल्या समईसारखा चकाकत होता. "बघा गो, नवाकोरा करून आनला," ती म्हणाली. दोन दिवसांनी अनंताने आबांच्या खोलीत पहिली पट्टी मांडली, घोडा टेकवला, हातोडा मारला... आणि घोडा जागचा हलला नाही. आतली स्प्रिंग गंजून बसली होती.

आकाश भरून आलेलं. खोलीतल्या फरश्या उकरून काढलेल्या, आबा पुढच्या पडवीत खाटेवर. बबन म्हणाला, "वाशिंदवरनं भाड्याचं आनू का? परवापर्यंत काम उरकंल." मी ओरडले, "नाही म्हणजे नाही! गावाने मशीन घेतलं आणि आठवड्यात आपण परत त्याच्याच दारात?" मग मी हिराकाकूकडे वळले. माझ्या तोंडून काय काय निघणार होतं ते मला माहीत आहे. पण अनंता मध्येच बोलला, "काकू, लय चकचकीत केलास गो. आता ह्यात माजे केस दिसतात." काकू लाजली. तिला शेवटपर्यंत कळलं नाही की काय बिघडलं होतं. अनंताने अंगणात गोणपाट पसरलं, घोड्याचा प्रत्येक तुकडा सुटा केला, रॉकेलमध्ये बुडवला, घासला, खोबरेल लावलं. सगळं परत जोडलं तेव्हा एक चकती उरली. मी विचारलं, "ही कशाची?" तो ती निरखून म्हणाला, "जास्तीची असंल," आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. हातोडा मारला. खिळा आत गेला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी हिराकाकूला बोलले असते तर तिने परत कधी गावकीच्या वस्तूला हात लावला नसता, आणि तिच्यामागून अर्ध्या गावाने. हे मला तेव्हाही कळलं. कळलं म्हणून राग गेला नाही. पुस्तकं मी वाचली होती. तरी माणसं धरून ठेवायची कशी, हे याला कोणी शिकवलं?

बाकी सगळ्या ओळी झाल्या आणि भिंतीजवळच्या शेवटच्या दोन राहिल्या. तिथे घोडा बसत नाही, भिंत आडवी येते. त्या हातानेच ठोकायच्या असतात, वरून, जपून. अनंताने हातोडी माझ्याकडे दिली. "ये गो पुढारीन. आता मालकी हक्क दाखव." आबांना खुर्चीत बसवून दारात आणलं होतं. माझा पहिला खिळा वाकला. दुसरा उडून कोपऱ्यात गेला. तिसऱ्याला पट्टीचं टोक फुटलं. आणि आबा हसायला लागले. झटका आल्यापासून ते असे हसले नव्हते, अंग गदगदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अनंता त्यांच्या खुर्चीला टेकून हसत होता. दोघं एकमेकांकडे बघत आणि परत हसत. मी गुडघ्यावर बसून त्या दोघांना बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या हसण्यात मी नुसती वापरायची हातोडी होते आणि अनंता माणूस. मृगाचा पाऊस त्याच आठवड्यात लागला. त्या पावसाळ्यात आणि नंतरच्या कुठल्याही पावसाळ्यात आबांच्या टाचेला जखम झाली नाही.

घोडा गावात राहिला. बंगल्यावर जाणारी पोरं तो नेतात. ठेकेदाराच्या दारात आता आमच्या गावचं कोणी उभं राहत नाही. कोणी नवीन माणूस विचारतो, ही युक्ती कोणाची, तर उत्तर ठरलेलं असतं, "आमच्या अनंताची." संघटनेच्या एका मेळाव्यात एका मोठ्या कार्यकर्त्याने सामूहिक साधनांचं उदाहरण म्हणून या मशीनची गोष्ट सांगितली. मी समोरच बसले होते. त्यांनी अनंताला उभं केलं, टाळ्या झाल्या. तो टाळ्यांना नेहमीसारखा जागा झाला होता. परतताना गाडीवर मागे बसून मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. उतरताना त्याने विचारलं, "पोटात दुखतं का गो?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "ओवा खा." त्याला कळलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

तर बबन मजकुरासाठी परत आला. या खेपेला हिराकाकू पण बरोबर होती. मी तत्त्वाचा मुद्दा मांडला. गावाच्या वस्तूवर एकाच माणसाचं नाव कशाला? उद्या लोक म्हणतील, ही त्याच्या मालकीची. बबन म्हणाला, "टोपांवर हायेत की नावं. म्हनून काय कोनी टोप घरी नेला?" मी दुसरा मुद्दा काढला, मग तिसरा. हिराकाकू सुपारी कातरत ऐकत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुजं नाव पायजे का गो त्याच्यावर?"

मी म्हटलं, "हो. माझं पण पाहिजे."

"मंग आदी मर," काकू म्हणाली. "जित्या मानसाचं नाव गावकीच्या वस्तूवर घालत नाय." बबनला हसू आवरेना. मलाही आवरलं नाही. कितीतरी दिवसांनी आमच्या ओटीवर कोणी हसलं होतं. मग मी आतून कागद आणला आणि लिहून दिलं. 'गावकी. अनंता.' एवढंच. बबनला 'कैलासवासी' हवं होतं, आडनाव हवं होतं, 'स्मरणार्थ' हवं होतं. मी म्हटलं, लांबतंय. घोड्यावर त्याचं नाव लागलं. घोड्याची कल्पना माझी होती हे मी इथे, माझ्या नावाखाली, छापून ठेवते आहे. अनंता असता तर त्याने हे वाचलं नसतं. कोणाकडून तरी ऐकलं असतं आणि म्हणाला असता, बरोबर लिवलंय.

परवा नाव ठोकून आणलेला घोडा बबनने आबांना दाखवायला त्यांच्या खोलीत नेला. आबा खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही पाय लाकडावर टेकलेले, कोरडे. बबनने घोडा त्यांच्या शेजारी ठेवला आणि तो आईशी बोलायला बाहेर आला. मी चहा घेऊन गेले होते. आबांनी चष्मा चढवला नाही. डावा हात पुढे केला आणि तर्जनी त्या ठिपक्यांवर ठेवली. अ... नं... त्यांचे ओठ प्रत्येक अक्षराला हलत होते. माझा पहिला लेख पेपरात आला तेव्हा आबांनी तो एकदा वाचला होता, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली होती आणि पेपराची घडी घातली होती. चहावर साय धरत होती. आबांचं बोट शेवटच्या ठिपक्यापर्यंत गेलं, तिथे थांबलं. मग त्यांनी ते उचललं आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवलं. मी दारातच उभी होते. त्यांनी वर पाहिलं नाही.